फुकटचं जगज्जेतेपद?

एकांनी लिहिलंय, 2024 च्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीत चीनच्या डिंग लिरेनने घोडचूक केली म्हणून आपला गुकेश जिंकला. अर्धंच खरं. गुण 6.5-6.5 असे समान असताना चौदाव्या, म्हणजे शेवटच्या डावात बरोबरी मान्य करता आली असती. पण गुकेश पठ्ठ्या एका जादा प्याद्यावर रेटत राहिला. 55व्या चालीला डिंगने हत्ती एफ2 या घरात आणून हत्तींची मारामारी (अदलाबदल) देऊ केली, पण त्याचा उंट ए8 च्या कोपऱ्यात अडकलेला. हत्ती गेले की डी5 वर उंटांचीही मारामारी अटळ, आणि उरलेला नुसत्या राजा-प्याद्यांचा डाव डिंगसाठी हरलेलाच. आम्ही सांगलीत काम बाजूला ठेवून मोबाइलवर बघत होतो (बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावात कामाची एवढी खोटी चालते). बरोबरी होऊन टायब्रेकचे (निकालासाठीचे) जलद डाव झाले असते तर त्यांत मात्र डिंगच भारी पडला असता, असं माझं मत.