वकिलाच्या लोगोत तराजू हवाच का?

रेषाळ:
पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिस असलेल्या एका वकील बाप-लेकीचं लोगोचं काम हातात आहे. लेकीला नुकतीच सनद मिळाली, म्हणून नवी पाटी, नवं लेटरहेड, नवा शिक्का. मी तीन पर्याय दाखवले. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, तिन्ही कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "तराजू राहिला का?"

राहिला नाही, मुद्दाम गाळला. कोर्टाच्या गेटपासून चहाच्या टपरीपर्यंत अकरा पाट्या मोजल्या, त्यातल्या नऊंवर तराजू होता. अशिलाने लक्षात काय ठेवायचं? "तो तराजूवाला वकील" म्हटल्यावर सगळी गल्लीच उभी राहील.

माझ्या आवडत्या पर्यायात दोघांची आद्याक्षरं एकाच शिरोरेखेला टांगली आहेत. शिरोरेखा म्हणजेच दांडी, अक्षरं म्हणजे पारडी. लेकीला ते चटकन दिसलं, साहेबांना अजून दिसत नाहीये. तुम्ही काय कराल?

बस्तेवाले:
मी लोगोच करणार नाही. तीस वर्षं तालुका कोर्टात काढली, काळी पाटी, पांढरी अक्षरं, संपलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ वाचा. वकिलाने जाहिरात करायची नाही. पाटी वाजवी आकाराची हवी. अमुक संघटनेचा अध्यक्ष, माजी न्यायाधीश, एखाद्या प्रकारच्या कामातला तज्ज्ञ, यातलं काहीही पाटीवर लिहायचं नाही. मुंबईच्या एस्प्लनेड कोर्टाच्या दारात अशील अक्षरशः ओढून नेणाऱ्या वकिलांचं दाभोळकर प्रकरण (दाभोळकर हे त्यातलेच एक वकील) सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. १९७५च्या त्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी वकिलीला धंदा म्हणणाऱ्यांचे कान उपटले होते. आज लोगो, उद्या रील.

सनद_२०१९:
काका, नियम ३६ मी परवाच पुन्हा वाचला. लोगो हा शब्द त्यात कुठेही नाही. २००८च्या दुरुस्तीनंतर वकिलाला वेबसाइटही चालते. नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र, एवढी ठराविक माहिती टाकायची. लेटरहेडच्या कोपऱ्यातलं चिन्ह म्हणजे "या हो या" नव्हे. अमेरिकेत १९७७च्या बेट्स निकालानंतर वकिलांच्या जाहिरातींना मोकळं रान मिळालं. तसलं इथे कुणीच मागत नाहीये. आणि "फौजदारी तज्ज्ञ" लिहिलेल्या पाट्या आपल्याच आवारात किती आहेत ते मोजू या का? (काका, हलके घ्या.)

शिक्केवाला:
तुमचं तत्त्वज्ञान चालू द्या, मी रबरी शिक्के करतो. तराजूच्या साखळ्या म्हणजे आमची डोकेदुखी. स्क्रीनवर नाजूक दिसतात, शिक्का दीड इंचाचा केला की चौथ्या-पाचव्या ठशाला शाई भरते आणि पारडं पणतीसारखं दिसायला लागतं. वकिलाचा कागद झेरॉक्सच्या झेरॉक्समधून जातो, हे डिझायनर लोक विसरतात. दादा, तुमची ती शिरोरेखा निदान एक मिलिमीटर जाड ठेवा. सोनेरी रंग तर नकोच, झेरॉक्समध्ये राखाडी होतो.

बस्तेवाले:
बरं, लोगो करायचाच असेल तर मग तराजूच करा! आता गंमत वाटेल, पण ऐका. माझ्याकडे येणारा निम्मा पक्षकार सातबारा दुसऱ्याकडून वाचून घेतो. आवारात रांगेने टेबलं, मधेच टायपिस्ट, मधेच स्टॅम्पवाला. म्हातारी कुणाला विचारत नाही, तराजू बघून टेबलाशी येते. तुमची टांगलेली अक्षरं तिच्या काय कामाची? ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या न्यायदेवतेच्या नव्या पुतळ्याची बातमी आली. डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं, तराजू मात्र हातात राहिला. त्यांनाही तो काढवला नाही.

रेषाळ:
म्हातारीचा मुद्दा लागला. पण काका, तराजू बघून ती *वकिलाच्या* टेबलाशी येते, *तुमच्या* टेबलाशी नाही. शेजारच्या टेबलावरही तोच आहे.

सातारची_सून:
मी वकील नाही, डिझायनर नाही. जागेच्या वादात एका वकिलाची नोटीस आली होती, त्या अनुभवावरून बोलते. रजिस्टर एडीचं पाकीट फोडलं, वरच भलामोठा सोनेरी तराजू आणि खाली "अँड असोसिएट्स". पोटात गोळा आला. दीर चौकशी करून आले तर एकच वकील, असोसिएट म्हणजे त्यांचा झेरॉक्स काढणारा मुलगा. तुम्ही सगळे अशील-अशील करताय, पण ते लेटरहेड सगळ्यात निरखून समोरची पार्टी बघते. रात्री दोनला उठून बघते.

सनद_२०१९:
+१. हे आमच्या सीनियरना सांगायला हवं. ते म्हणतात, नोटिशीचा कागद जाड हवा, म्हणजे घडी उलगडताना आवाज येतो.

फोर्टातला_वाटसरू:
अवांतर: १८७८ साली पूर्ण झालेल्या मुंबई हायकोर्टाच्या इमारतीत एका खांबावर दगडी माकड कोरलंय. एक डोळा झाकलेला आणि हातात तराजू! गळ्यात वकिलाचे पांढरे बँड घातलेला कोल्हाही आहे. कंत्राटाच्या वादात हरलेल्या कारागिराने सूड उगवला अशी आख्यायिका सांगतात. रेषाळ, चौथा पर्याय म्हणून साहेबांना दाखवा.

कलम_सतरा:
मी ट्रेडमार्कचं काम करते, म्हणून दोन गोष्टी. वकिली सेवा ट्रेडमार्क नोंदणीच्या वर्ग ४५ मध्ये मोडते. तिथे तराजूचं चित्र नोंदवलंत तरी त्या तराजूवर तुमची मक्तेदारी येत नाही. धंद्यात सर्रास चालणाऱ्या भागावर एकट्याचा हक्क मिळत नाही, ट्रेडमार्क कायद्याचं कलम १७. साहेबांना उद्या अशोकस्तंभाचे सिंह सुचले तर मात्र सरळ नाही म्हणा. राजचिन्हाच्या गैरवापराचा २००५चा कायदा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरं, रेषाळ, कॉपीराइट लेखी दिलाय का? बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा मालक सर्वसाधारणपणे डिझायनरच असतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप गिऱ्हाइकाचा होत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

रेषाळ:
लेखी?? व्हॉट्सअ‍ॅपवर "ॲडव्हान्स पाठवला, लवकर करा" एवढंच आहे.

कलम_सतरा:
वकिलाचं काम आणि करार नाही! नमुना पाठवते.

बस्तेवाले:
आमच्यात असंच असतं. तुमची फी काय ठरली तेही सांगून टाका.

रेषाळ:
ती "बघू नंतर" ठरली आहे, काका.

अपडेट: शिक्केवाल्या दादांचं ऐकून शिरोरेखा जाड केली आणि पाचदा झेरॉक्स काढून नेली. पाचवी प्रत साहेबांनी हात लांब करून धरली. म्हणाले, "हा काटा थोडा डावीकडे झुकलाय." डावीकडे त्यांचं अक्षर आहे. लेक म्हणाली, "बाबा, वजन तुमचंच जास्त ना." ते हसले नाहीत, पण कागद परतही दिला नाही. घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.