मदत हवी आहे: सीपीटी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत काम करायची परवानगी) आणि कॅम्पसवरची नोकरी एकाच वेळी चालते का?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर एमएस करतोय, पहिलं वर्ष झालं. सध्या पूर्णवेळ सीपीटीवर इंटर्नशिप सुरू आहे. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की ओपीटी (बहुतेक जण पदवीनंतर वापरतात ती कामाची परवानगी) जाते, पण माझी तेवढी होणार नाही. प्रश्न पुढचा आहे. कंपनी म्हणतेय, फॉलमध्येही (उन्हाळ्यानंतरच्या सत्रात) आठवड्याला २० तास काम चालू ठेव. पण माझी लायब्ररीतली नोकरीही आहे, आणि सत्र चालू असताना कॅम्पसवर २० तासांचीच मर्यादा. हे तास वेगवेगळे धरतात की एकत्र? आय-२० वर (विद्यापीठ देतं त्या विद्यार्थी-दर्जाच्या कागदावर) सीपीटीची नवी नोंद झाल्याशिवाय मी एक तासही काम करणार नाही. डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारे विद्यापीठाचे अधिकारी) रजेवर आहेत आणि कंपनीला याच आठवड्यात उत्तर हवंय. कुणी दोन्ही केलं असेल तर विद्यापीठाने काय अट घातली, ते कृपया सांगा. ऐकीव नको, स्वतःचा अनुभव हवा.