मनाली-लेहला सायकल विमानातून न्यायची आहे: मऊ बॅग, हार्ड केस की खोकं?

रानवाट_नाशिक
नमस्कार मंडळी. ऑगस्टअखेर मनाली ते लेह सायकलने जायचं नक्की केलंय, आम्ही दोघी मैत्रिणी. पुणे-दिल्ली विमान, पुढे मनालीपर्यंत रात्रीची बस, परत येताना लेह-दिल्ली-पुणे विमान. माझी हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची (तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक) हायब्रिड सायकल आहे, वजन साधारण 12 किलो. आजवर ती फक्त गाडीच्या कॅरियरवर चढली आहे. दोन वर्षं पैसे साठवून घेतलीये, तिला काही झालं तर जिवाला लागेल. मऊ बॅग घ्यावी की टणक केस? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

चाकोरी
हार्ड केस, डोळे झाकून. मी 2023 च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला केसमधूनच सायकल नेली. राइड जिथून सुटते त्या राम्बुइयेच्या हॉटेलात केस ठेवली, 1200 किमी करून परत तिथेच आलो, सायकल भरली, घरी. एक ओरखडा नाही. किंमत जड वाटते, पण सायकलक्लबात चार जणांनी मिळून एक घेतली तर परवडते. आम्ही तसंच केलं.

मंदगती
चाकोरी, तुमच्या प्रवासाला केस योग्यच होती, कारण निघालात तिथेच परत आलात. ताई मनालीत सायकलवर बसणार आणि लेहला उतरणार. मनालीत रिकामी झालेली केस लेहला कोण पोचवणार? सोबत गाडी असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर ती पेटी गळ्यातलं लोढणं होईल. म्हणून ताई, आधी परतीचा रस्ता बघा, पेटी मग.

दुसरं वजन. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुधा 15 किलो सामान चालतं. टणक केस 10 ते 13 किलोची, चांगली मऊ बॅग 8-9 किलोची. म्हणजे सायकल धरून 20-25 किलो, आणि जास्तीच्या प्रत्येक किलोला पैसे. पुठ्ठ्याचं खोकं तीन-चार किलोत बसतं. तुम्हाला खोकंच घ्यायला सांगेन, जाताना एक, येताना दुसरं.

मी 2022 ला असाच गेलो होतो. सायकलच्या दुकानात नव्या सायकली ज्या खोक्यातून येतात ते मागून घ्या. चार दिवस आधी सांगून ठेवा, नाहीतर रद्दीत जातं. हायब्रिडचं खोकं सरळ हायब्रिडलाच बसतं, एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) मिळालं तर सायकल आत हलते. लेहमधल्या सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानाला निघण्यापूर्वीच फोन करून दोन खोकी राखून ठेवायला सांगा. हा फोन विसरू नका, लेहला पोचल्यावर शोधाशोध करायचं त्राण नसतं.

आणखी एक. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी सायकल नेता येईल का, किती पैसे, हे ईमेलवर लेखी घ्या. काउंटरवर तोच कागद कामी येतो. दिल्लीहून कुलूजवळच्या भुंतर विमानतळावर विमानाने जायचा मोह झाला तरी टाळा, तिथली विमानं छोटी, खोकं चढेलच याचा भरवसा नाही.

स्पोकवाला
मंदगतींशी सहमत. फक्त एक सांगतो: सायकल मोडते ती पेटीमुळे कमी आणि भरण्याच्या पद्धतीमुळे जास्त. माझ्या पहिल्या प्रवासात मऊ, महागडी बॅग होती, तरी मागच्या डीरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा धातूचा तुकडा, वाकून आला. डीरेलर जागेवरच ठेवला होता. तेव्हापासून 5 नंबरच्या ॲलन कीने तो हँगरवरून सोडवतो, फडक्यात गुंडाळतो आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत झिप टायने बांधतो. शिवाय सुटा हँगर जवळ ठेवतोच. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, लेहला तुमच्या मापाचा मिळणार नाही.

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर किंवा जाड पुठ्ठा घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन जवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या टोकांमध्येही आडवा स्पेसर हवा, खोक्यावर वजन पडलं की तिथेच फोर्क दबतो. दुकानदाराकडे हे स्पेसर पडलेले असतात, फुकट देतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर सैल करायच्या नादात आणखी घट्ट कराल.

फ्रेमला एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम गुंडाळा. बबल रॅपपेक्षा कितीतरी चांगला, मनालीला काढून परत वापरता येतो. टायरमधली हवा कमी करा पण पूर्ण काढू नका, रिम उघडी पडते. सीटपोस्टच्या उंचीवर टेपची खूण करून ठेवा.

रानवाट_नाशिक
केवढी मदत झाली! परतीचा विचार मी केलाच नव्हता, केस जवळजवळ मागवली होती. सोबत गाडी नाही, म्हणजे आता खोकंच. फक्त ऑगस्टात पुण्यालाही पाऊस, मनालीलाही. पुठ्ठा भिजला तर?

मंदगती
बरोबर विचारलंत. खोक्याच्या आत तळाला आणि बाजूंना जाड प्लॅस्टिक पसरा, तळाची जोडणी रुंद टेपने दुहेरी चिकटवा. हाताला धरायच्या भोकांभोवतीही टेप लावा, पुठ्ठा तिथूनच फाटतो. बसच्या डिकीत खोकं सगळ्यात शेवटी चढवायला सांगा आणि स्वतः उभं राहून बघा. कंडक्टरला हातात थोडे पैसे दिले तर तो वर बॅगा रचू देत नाही.

चाकोरी
ताई, गाडी सोबत नाही म्हटल्यावर मीही माझं मत मागे घेतो. पॉवर बँक आणि दिव्यांच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, खोक्यात चालत नाहीत. टायरमध्ये हवा भरायच्या गॅसच्या छोट्या नळ्या घरीच राहू द्या, हातपंप न्या.

रानवाट_नाशिक
हँगर आजच मागवते. रविवारी आम्ही दोघी सायकली पूर्ण सोडवून भरून बघणार आहोत. कुठे अडलं तर इथेच फोटो टाकते.