मदत हवी आहे: बहिणीचा एमआरआय नॉर्मल, तरी पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत

तासगावचा_पोरगा
बहिणीला घेऊन चार दिवस झाले मिरजेत आहे. आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं अंग लाकडागत ताठ झालं, आता न्यूरोवाले म्हणतायत पाठीतलं पाणी काढून तपासायचं. आई म्हणतीय पाणी काढलं की माणूस लुळं पडतं. सकाळी सही द्यायचीय. देऊ का नको, लवकर सांगा.

कृष्णाकाठ
वय किती? कधीपासून? ताप, फिट काही? एवढ्यावर कोण काय सांगणार.

तासगावचा_पोरगा
२१. महिन्यापूर्वी ताप आणि डोकेदुखी, मग झोपच उडाली, शेजारचे मोबाईलमधनं माझं ऐकतायत म्हणायची. परवा फिट आली. आता बोलणं बंद. तोंड सारखं चघळल्यागत हलतं आणि दोन्ही हात हवेत भाकरी थापल्यासारखे, रात्रभर.

वाळवेकर
बाहेरचं असणार. आमच्या चुलतीचं असंच होतं, अमावस्येला दाखवून आणलं आणि बरी झाली.

लुपसवाली_वहिनी
दादा, फिट आलेल्या पोरीला कुठं फिरवायला सांगताय? मला स्वतःला लुपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंगावर उलटते. सांधे दुखायचे, गालावर लाल चट्टे, मग एक दिवस जावेनं चहात विष घातलंय म्हणून कप भिंतीवर फेकला मी. सगळे म्हणाले वेड लागलं. एएनए, डीएसडीएनए या रक्ताच्या तपासण्या केल्यावर कळलं. स्टेरॉईडनं माणसात आले. तिची एएनए करून घ्याच.

कृष्णाकाठ
स्टेरॉईडनंच भ्रम होतात वहिनी, आमच्या वडलांना झाले होते.

लुपसवाली_वहिनी
होतात, मोठ्या डोसनं होतात. म्हणून द्यायचंच नाही का? माझा मेंदू आजारानं सुजला होता, गोळीनं नाही.

सिस्टर_सांगली
भांडू नका, पोराला सकाळी सही द्यायचीय. तोंड हलणं, हात तसे चालणं, फिट, बोलणं बंद, हे एनएमडीए रिसेप्टरच्या एन्सेफलायटिससारखं, म्हणजे मेंदूच्या सुजेसारखं वाटतंय. रोगाशी लढणारी शरीराची अँटीबॉडी मेंदूवरच उठते, २००७ साली मेंदूतज्ज्ञ डाल्माऊ यांच्या टीमनं शोधलंय. यात एमआरआय बऱ्याचदा नॉर्मलच येतो आणि नुसत्या रक्तात कधीकधी सापडत नाही, म्हणून पाणी लागतं. सुई कमरेत खाली घालतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, लुळं पडायची भीती आईला नको. काही दिवस डोकं दुखू शकतं, आडवं झालं की कमी वाटतं. त्याच पाण्यात हर्पिसचा विषाणूही बघतात. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लाटांची तपासणी, झाली का? आणि पोटाची सोनोग्राफी? तरुण मुलींत अंडाशयात टेराटोमाची गाठ असू शकते, असली तर ती काढावीच लागते. ज्या गोळीनं अंग ताठलं तिची चिठ्ठी दाखवा, सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झालीय का बघणारी रक्ततपासणी, करा म्हणावं.

विटा_एक्स्प्रेस
रेशनकार्ड कुठलंय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या काउंटरला आजच विचारा, नंतर धावाधाव होती.

तासगावचा_पोरगा
कार्ड केशरी. ईईजीत लाटा संथ म्हणाले. सोनोग्राफी कुणी सांगितलीच नव्हती, आत्ता राउंडला विचारलं, दुपारी करतायत. आयव्हीआयजी म्हणून काय ते पण बोलले, पाच दिवस रोज.

सिस्टर_सांगली
आयव्हीआयजी म्हणजे रक्तदात्यांच्या अँटीबॉडीचं सलाईन. किलोमागं ०.४ ग्रॅम रोज, म्हणजे ५० किलोला दिवसाला २० ग्रॅम. महाग आहे. सोबत मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सलाईनमधनं देतात. अँटीबॉडीच्या रिपोर्टला दिवस लागतात, इन्फेक्शन नाही असं कळलं की त्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. सुधारायला महिने लागतील, घाबरू नका.

वाळवेकर
आमच्या मातोश्रींना पण विसरायला होतं, बी१२ कमी असेल का?

तासगावचा_पोरगा
सही दिली. आई बाहेर बाकड्यावर बसलीय, तिला वाचून दाखवलं. हॉस्पिटलजवळ दोघांना राहायला स्वस्त खोली कुठं मिळेल?