अमातेरासू कण रिकाम्या जागेतून आला म्हणजे कुठून आला?

निशाचर:
२७ मे २०२१ ला अमेरिकेत युटाच्या वाळवंटात टेलिस्कोप अ‍ॅरेने (वाळवंटात पसरलेली डिटेक्टर्सची जाळी) अंतराळातून आलेला एक कण पकडला, एनर्जी २४४ एक्सा इलेक्ट्रॉन व्होल्ट, नाव जपानी सूर्यदेवतेचं. हिशोब केला तर जवळपास ३९ ज्यूल, म्हणजे स्पिनरने ताशी ऐंशीने टाकलेला क्रिकेटचा बॉल, आणि ते सगळं एका कणात!! ते पण पचवलं, पण आला त्या दिशेला मागे जाऊन बघितलं तर लोकल व्हॉइड, तिथे गॅलेक्सी जवळपास नाहीतच. मग आला कुठून? गणित नको प्लीज.

चहाबाज:
स्पिनर तुम्हीच आणलात म्हणून सांगतो, बॉल वळून आलाय आणि तुम्ही वळल्यानंतरची लाइन धरून बोलर शोधताय. कणाला चार्ज असतो, वाटेतली मॅग्नेटिक फील्ड त्याला वळवतात. प्रोटॉन असेल तर एवढ्या एनर्जीला कमी वळेल, पण लोखंडाचं न्यूक्लियस असेल तर चार्ज २६ पट, मग बोलायलाच नको. आणि मूळ कण हातात येतच नाही, तो वर हवेत फुटतो, खाली येतो तो त्याचा शॉवर, म्हणजे त्यातून निघालेल्या कणांचा पाऊस, त्यावरून प्रोटॉन की लोखंड हे एकेका कणासाठी ठरवणं महाकठीण.

मधुरा_के:
मग एखाद्या खूप लांबच्या क्वेसारमधून (ब्लॅक होलमुळे प्रचंड चमकणारा गॅलेक्सीचा मध्य) आला असेल ना?

चहाबाज:
तिथेच तर गोची आहे. बिग बँगचा उरलेला प्रकाश सगळीकडे भरलाय, त्याच्यावर आपटत आपटत एनर्जी जाते, हे १९६६ लाच सांगितलं गेलंय (जीझेडके लिमिट). म्हणजे सोर्स त्या मानाने जवळच हवा, आणि जवळ असून सापडत नाही, चिडचिड त्याचीच.

पोस्टमन:
एका कणावर जीव टाकू नका. अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे वेधशाळेने २०१७ मध्ये हजारो कण मोजून दाखवलं की ८ एक्साच्या वरचे कण एका बाजूने थोडे जास्त येतात, आणि ती बाजू आपल्या गॅलेक्सीच्या मध्याकडची नाही. म्हणजे माल बाहेरचाच. १०० एक्साच्या वरचे तर एका चौरस किलोमीटरमध्ये शंभर वर्षांत एखादाच पडतो, म्हणून त्यांनी ३००० चौरस किलोमीटरवर पाण्याच्या १६०० टाक्या पसरून ठेवल्यात.

निशाचर:
पाण्याच्या?? खऱ्या पाण्याच्या?

पोस्टमन:
हो, एकदम शुद्ध पाणी, कण त्यातून जाताना निळसर चमक होते ती मोजतात. एका टाकीत १२ हजार लिटर, आमच्या सोसायटीला मे महिन्यात येतो तेवढा टँकर.