भूल दिली तरी डोळे उघडेच होते, लेकीला दुखलं असेल का?

सईची_आई (कराड)

लेक पाच वर्षांची. रविवारी झोपाळ्यावरून पडली आणि डावा हात मनगटाच्या वर वाकडाच दिसायला लागला. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, हाड सरकलंय, चिरायची गरज नाही, भूल देऊन बसवून प्लास्टर घालू. भूलतज्ज्ञ आले, नसेतून केटामाईन दिलं. मी दारातच उभी होते. पोरीचे डोळे सताड उघडे! बुबुळं इकडून तिकडे हलतायत, ओठ पुटपुटतायत आणि डॉक्टर हात ओढतायत. माझे तर पायच गळाले. तिला आता त्यातलं काही आठवत नाही. पण घरी येताना दोनदा उलटी झाली, रात्री दचकून उठली.

पडायच्या आधी तिने वरणभात खाल्ला होता म्हणून चार तास थांबवलं होतं. तेवढा वेळ पोर नुसती कळवळत होती. त्यात सासूबाई म्हणतायत, एवढ्याशा जीवाला भूल दिली की डोक्यावर परिणाम होतो. जाणकारांनी सांगा, कशाची काळजी करू आणि कशाची नको?

बॅगवाली_भूलतज्ज्ञ

सईची आई, मी गावोगावच्या दवाखान्यांत बॅग घेऊन फिरणारी भूलतज्ज्ञ आहे. उघड्या डोळ्यांचा हा प्रश्न मला बाहेर बाकड्यावर बसलेल्या आया नेहमी विचारतात. नाही, तिला दुखलं नाही. केटामाईनची भूल झोपेसारखी नसतेच. मेंदूचा जो भाग दुखणं जाणवून घेतो, त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध तेवढ्यापुरता तुटतो. डोळे उघडे राहतात, बुबुळं हलतात, कधी हातपायही हलतात. बुबुळं हलायला लागली की मी हाडाच्या डॉक्टरांना खूण करते, ‘घ्या आता.’ नसेतून दिलं तर मिनिटभरात लागतं आणि दहा-वीस मिनिटांत उतरायला लागतं. खरं तर हे आईला आधीच सांगायला हवं. मी सांगते, तरी चार आयांपैकी एक घाबरतेच.

आम्हाला हे औषध आवडतं, कारण दुखणं थांबतं आणि मूल बहुधा स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतं. उलट, मिडाझोलाम किंवा झोपेचं ते गोड सीरप (ट्रायक्लोफॉस) मुलाला गुंगवतं, पण दुखणं तसूभरही कमी करत नाही. ईईजीला, म्हणजे मेंदूचा आलेख काढायला, ठीक. नुसतं तेवढं देऊन कुणी हाड बसवायला निघालं तर पालकांनी जरूर विचारावं, ‘आणि दुखण्यासाठी काय देणार?’

उलटी साधारण बारा मुलांमागे एकाला होते. दचकणं एक-दोन रात्रींत जातं. डोक्यावरच्या परिणामाचं म्हणाल तर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये इशारा दिला, तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागते तेव्हाचा. पाच वर्षांच्या मुलीला एकदा, पंधरा मिनिटं, यात तो बसत नाही. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा.

चार तासांवर मात्र माझं मत तिखट आहे. थांबवणं चूक नव्हतं, कळवळत ठेवणं चूक होतं. हात फळीला बांधून, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तरी आल्या आल्या द्यायला हवं होतं. दोन घोट पाण्याबरोबर औषध घेतल्याने भूल अडत नाही.

पुणेरी_बाबा

केटामाईन म्हणजे घोड्यांचं औषध ना? शिवाय नशेसाठी वापरतात म्हणे. आमच्या पोराच्या हनुवटीला टाके घालताना तिघांनी धरून घातले, दोन मिनिटांत काम झालं. भूलबिल कशाला?

बॅगवाली_भूलतज्ज्ञ

घोड्यांना देतात, माणसांनाही देतात. अमेरिकेत माणसांसाठी १९७० मध्ये मान्यता मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. नशेसाठी गैरवापर होतो म्हणूनच आपल्याकडे २०१३ पासून ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, कुलपात आणि नोंदवहीत.

आणि बाबा, काम दोन मिनिटांत झालं तुमचं, पोराचं नाही. पुढच्या वेळी इंजेक्शनची पिशवी दिसली की तो काय करतो ते बघा. हनुवटीला भूलतज्ज्ञ लागतोच असं नाही. लिग्नोकेन (तेवढीच जागा बधिर करणारं औषध) बारीक सुईने, सावकाश, जखमेच्या आतल्या कडेतून टोचलं तर खूप कमी चुरचुरतं. छोटी सरळ चीर डिंकासारख्या औषधाने चिकटवताही येते. पण घाई असली की हे सगळं ‘वेळ जातो’ म्हणून बाजूला पडतं.

मेलबर्नकर_सुप्रिया

इथे माझ्या मुलाचा हात मोडला तेव्हा सुई टोचायच्या आधीच नाकात फेंटानिलचा (जोरदार वेदनाशामक) फवारा मारला. पाच-दहा मिनिटांत रडं थांबलं, मग फोटो काढला. जेवून किती वेळ झाला हे विचारलं, पण त्यापायी अडवलं नाही. तिकडे असं का करत नाहीत?

बॅगवाली_भूलतज्ज्ञ

फेंटानिल आहे, फवारायचं साधन सगळीकडे नाही आणि अफूच्या जातीच्या औषधांची कागदपत्रं सांभाळायला छोटे दवाखाने कचरतात. उपाशी ठेवण्यावर आमच्यातही एकमत नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सीवाल्यांच्या संघटनेने २०१४ मध्येच म्हटलं, केवळ जेवणाच्या वेळेवरून अडवू नका. मार लागल्यावर पोट तसंही मंदावतं, चार तासांनी रिकामं होईलच याची खात्री नाही. बोटं पांढरी पडली, नाडी लागेना, तर मी एक मिनिट थांबत नाही. एरवी थांबते, कारण उलटी श्वासनळीत गेली तर रात्री अकरा वाजता तालुक्याला माझ्या मदतीला दुसरं कुणी नसतं. हाड बसवणारा हाडाकडे बघत असतो. मुलाच्या श्वासाकडे बघायला वेगळा माणूस, बोटाला ऑक्सिमीटर, हाताशी ऑक्सिजन, सक्शन (घशातली उलटी ओढून घ्यायचं यंत्र) आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). एवढं नसेल तिथे मी औषध भरतच नाही.

सईची_आई

खूप हलकं वाटलं, ताई. शेवटचं एकच, प्लास्टर काढताना पुन्हा भूल लागेल का?

बॅगवाली_भूलतज्ज्ञ

छे! ते कटर गोल फिरत नाही, थरथरतं. म्हणून कडक प्लास्टर कापतं, कातडी बहुतेक नाही. आवाज मात्र भयंकर. डॉक्टरांना सांगा, आधी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवा. मग सईच्या कानात कापूस घाला. आणि गरम लागतंय म्हणाली तर लगेच थांबवायला लावा, पातं तापतं.