शिष्यवृत्तीचा सराव आणि विचार करणं : एका तासात दोन्ही बसतं का?

(शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावावर तीन शिक्षकांची टोपणनावांनी चर्चा.)

मांजराकाठ : शिष्यवृत्ती परीक्षेचा एक पेपर ७५ प्रश्नांचा, ९० मिनिटांचा. म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. म्हणून सरावही तसाच धावतो : "उत्तर तीन, पुढचा." विचार तपासायला ठेवलेली बुद्धिमत्ता चाचणीसुद्धा प्रकारवार पाठ करून घेतात. हे चुकतंय.

एक प्रश्न घ्या. टाकीत १००० लिटर पाणी, घरात ५ माणसं, माणशी रोज ५५ लिटर. पाणी पूर्ण किती दिवस पुरेल? पर्याय ३, ४, १८, २००. उत्तर ३. पण ४ लिहिणाऱ्याचा भागाकार बरोबर असतो. रोजचे २७५ लिटर धरून ३.६ आलं, त्यानं ४ धरलं. चौथ्या दिवशी १०० लिटर कमी पडतील, हे दिसलं नाही. १८ वाला माणसं विसरला, २०० वाला ५५ विसरला. तिघांची चूक वेगळी, मग तिघांना एकच लाल फुली का?

तासाला २५ ऐवजी ५ प्रश्न घ्या. आधी पर्याय झाकून सोडवू द्या. मग प्रत्येक चुकीचा पर्याय कुठून आला, ते मुलांनी एका ओळीत लिहायचं.

बालाघाट : अजिबात पटत नाही. या गतीनं शिकलेलं लेकरू पेपरातले शेवटचे वीस प्रश्न वाचणारही नाही. २७५ गुणिले ३ बोटांवर करणाऱ्याला चौथा दिवस सुचणार कधी? पाढे तोंडावर असले तरच डोकं मोकळं राहतं. आणि ऊसतोड मजुराच्या पोराला एनएमएमएस या आठवीतल्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, ते परीक्षा पास झाल्यावरच. क्लासला जाणारी मुलं वेग बाहेरून शिकून येतात. यानं कुठून आणायचा?

मांजराकाठ : पाढे रोज दहा मिनिटं तोंडी घ्याच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण "आधी फरक काढा" एवढंच पाठ असलेलं पोर २, ३, ६, १८, ? इथं अडकतं. फरक १, ३, १२ येतात, त्यातून काही निघत नाही. मागच्या दोन संख्यांचा गुणाकार करायचा, उत्तर १०८. रीत सोडून द्यायला शिकवलंच नाही, म्हणून तीन-चार मिनिटं जातात. वेग तिथंच मरतो.

मन्याड : द्विशिक्षकी शाळेत एका मास्तरापुढं दोन-तीन इयत्ता असतात, हे दोघांनीही धरलेलं नाही. शिवाय कारण विचारलं की तीच चार पोरं बोलतात, बाकीची त्यांचं वाक्य उतरवतात. मग कारणाचंही पाठांतर होतं! त्यापेक्षा बोलण्याआधी प्रत्येकानं पाटीवर पर्यायाचा क्रमांक लिहायचा, पाटी पालथी ठेवायची, आणि सगळ्यांनी एकदम वर करायची. फळ्यावर मोजणी करा आणि सगळ्यात जास्त मुलं ज्या चुकीच्या पर्यायावर गेली, तेवढ्यावरच बोला. आठ-दहा मिनिटांत होतं.

आकडे मात्र जपून निवडा. त्याच टाकीला ६ माणसं केली की ३.०३ येतं, आणि चुकीचा विचार करणारंही ३च लिहितं. चूक झाकून राहते.

बालाघाट : पाटीची रीत घेण्यासारखी आहे. तरी परीक्षेआधीचे दोन महिने मी सोडणार नाही. आठवड्याला दोन पूर्ण पेपर, घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेवरचे पर्यायांचे गोळे रंगवण्यासकट. एक प्रश्न सोडला आणि गोळ्यांची ओळ सरकली, तर पुढची बरोबर उत्तरंही चुकीच्या जागी जातात.